खंडेनवमीचा नारळ आणि भूपालचं खोटं

२०१७ साल. मला पासष्ट पुरी झालेली, तुला एकसष्टावं चालू. सांगलीहून पॅसेंजरनं तू कोरेगावला उतरलास आणि विचारत विचारत माझ्या वाइंडिंगच्या दुकानात आलास. हातात पंच्यात गुंडाळलेली वस्तू. इतकी जपून धरलेली की मला वाटलं देव आणलाय. उघडलंस तर आत मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर, जळून कोळसा झालेला.

"मिस्त्री, याचं वाइंडिंग करून मिळेल का?"

मी दहा हॉर्सपॉवरच्या मोटारी करणारा माणूस. तालुक्यातल्या निम्म्या उसाला पाणी माझ्या हातनं गेलेलं. म्हणालो, "ह्यो कशाचा हाय? खेळन्याचा?"

"कॉम्प्युटरचा. जुना आहे. सांगली-मिरजेत सहा जणांनी सांगितलं, फेकून द्या."

"मग फेका की."

"फेकायचा असता तर तिकीट काढून आलो असतो का?"

हे उत्तर मला आवडलं होतं. तेव्हा सांगितलं नाही. तुला तोंडावर चांगलं म्हणायची मला सवय नव्हती, आणि तू ती लावलीही नाहीस.

पण भूपाल, हे स्तुतीचं लिखाण नव्हे. पद्मा म्हणाली, "काका, पप्पांवर चार ओळी लिहा, स्मरणिकेत घेऊ." मी म्हणालो, मी लिहिलं तर भांडण लिहीन. ती म्हणाली, "भांडण लिहा." तुझी मुलगी तुझ्यावर गेलीय, माणसाला कुठं धरायचं ते तिला बरोबर कळतं. तर लिहितो. माझी एक वस्तू तू मला न विचारता घेतलीस. ती वस्तू म्हणजे माझी चूक. सहा वर्षं तू ती आपल्या नावावर मिरवलीस, लोकांनी तिच्यावरनं तुझं नाव पाडलं, आणि मला पत्ता नाही. तू गेलास तो तिला घेऊनच गेलास. ती मला परत पाहिजे होती. चौथी शिकलेला असलो तरी माझ्या चुकांचा मालक मी आहे.

नव्या माणसाला कळावं म्हणून थोडं मागचं सांगतो. सांगलीत तू तीस वर्षं क्लास चालवलास, आधी टायपिंगचा, मग कॉम्प्युटरचा. पुढं ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला आणि पोरं यायची थांबली. बाकीच्या क्लासवाल्यांनी मशिनं भंगारात घातली. तू ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ओळीनं मांडलीस, वर वहिनींच्या जुन्या साड्या घातल्यास आणि रोज एक उघडून साफ करत बसलास. लोक म्हणाले, बायको गेल्यापासनं सरांचं काही खरं नाही. मग पतसंस्था, शाळा, कारखान्यांची ऑफिसं, जिथनं म्हणून जुना माल निघेल तो तुझ्या दारात यायला लागला. माणसं टेंपोनं आणून टाकायची आणि वर तुझ्याकडनंच चहा पिऊन जायची.

मी केलेला ट्रान्सफॉर्मर बसवून तू पहिलं मशीन चालू केलंस ते पद्मानं फोनवर घेतलं आणि टाकलं. तिला वाटलं चार मैत्रिणी बघतील. बघितलं भलत्यांनीच. कुणी दुबईतनं लिहिलं, कुणी बंगळूरहून, कुणी कुठल्या बर्फाच्या मुलखातनं. "सर, याच मशिनवर मी पहिलं पगारपत्रक काढलं." "सर, तो सुरू होतानाचा आवाज परत ऐकवा ना." माणसं एका खरखरीसाठी डोळ्यांत पाणी आणायला लागली. साठीनंतर लोक देवदेव करतात. तू चॅनल काढलंस. दोन वर्षांत तोच तुझा धंदा झाला, आणि तीस वर्षं क्लास घेऊन गल्लीबाहेर ज्याला कुणी ओळखत नव्हतं त्याच्याबरोबर एस.टी. स्टँडावर पोरं फोटो काढायला लागली. पैशावरनं आपलं कधी वाजलं नाही, हे आताच सांगून टाकतो. नाहीतर वाचणाऱ्याला आधी तेच वाटेल.

मंगळवार आणि शुक्रवार माझे. सकाळच्या पॅसेंजरनं सांगली, संध्याकाळच्या गाडीनं परत. सूर्य बुडायच्या आत तुझं जेवण, त्यामुळं मलाही साडेपाचला ताटावर बसायला लागायचं. "ह्या वक्ताला आमच्यात म्हशीबी जेवत न्हाईत," मी म्हणायचो. "म्हणून त्या तुमच्यासारख्या चिडक्या असतात," तू म्हणायचास. कांदा नाही, लसूण नाही, आणि तरी तुझ्या घरची आमटी मी दोनदा मागून घ्यायचो.

सिरीज दिवा माझा. जुनं मशीन थेट प्लगला लावायचं नाही, मध्ये शंभरचा साधा दिवा घालायचा. आत कुठं शॉर्ट असेल तर दिवा भगभगीत पेटतो आणि मशीन वाचतं. सगळं ठीक असेल तर नुसता मिणमिणतो. आमच्याकडं कुठलाही मिस्त्री हे करतो, यात शोध कसला? पण तुझ्या बघणाऱ्यांना त्याचं वेड लागलं. दिवा लावायच्या आधी तू फोनकडं बघून म्हणायचास, "आता मिस्त्री सांगतील, जगणार का मरणार," आणि मग फक्त माझे हात दिसायचे. हातच दाखवायचे हे मीच ठरवलं होतं.

"तोंड दाखवनार न्हाई आन बोलनारबी न्हाई. चौथी शिकल्याला मानूस, जगापुढं काय बोलू?"

"हात तरी द्याल का मिस्त्री?"

"हातांचं चालंल. ती शिकल्याली हायत."

आणि एकही व्हिडिओ मी बघितला नाही. दिवसभर मी तिथंच बसलेला, तेच परत फोनवर काय बघायचं? हे मी कोरेगावात चारचौघांत छाती काढून सांगायचो.

आपलं खरं भांडण व्हिडिओतलं कापण्यावरनं. तुझा हात झाळायच्या तापल्या डागणीला लागायचा, तार वितळायची, उलटा स्क्रू बसायचा, आणि तू म्हणायचास, "पद्मा, एवढं काप."

"का कापायचं?" मी लगेच.

"लोकांना वेळ नसतो हो."

"आमी मोटर जाळली की गिऱ्हाईक दुकानापुढं हुबा ऱ्हाऊन शिव्या देतंय. ते कुठं कापू? चूक कापलीस तर बघनारा काय शिकनार? त्याला वाटंल भूपाल सर पोटातनंच शिकून आला."

पद्मा हसून हसून फोन खाली ठेवायची. आणि तू माझ्या हट्टापायी आपल्या चुका ठेवायला लागलास. तुझ्या. माझ्या चुका व्हायच्याच नाहीत, अशी माझी समजूत.

मग ते मशीन मिळालं. तासगावात एका बेदाण्याच्या शेडमध्ये क्रेटांच्या खाली सापडलं, वरती बोटभर चिकट धूळ. तू मागची बाजू पुसलीस आणि तिथंच मांडी घालून बसलास. पत्र्यावर खिळ्यानं ओढलेलं एक अक्षर होतं, 'भू'. तरुणपणी साखर कारखान्याच्या ऑफिसात तू ज्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा बोट ठेवलंस, तेच हे. साहेब जेवायला गेल्यावर चोरून अक्षर ओढलं होतंस. शेडवाल्याला वाटलं तुला चक्कर आली, त्यानं पाणी आणलं.

अकरा महिने आपण त्याला दिले. तीनदा वाइंडिंग केलं मी, वेढा न् वेढा तोंडानं मोजत. तू जगभर पत्रं पाठवून एकेक सुटा भाग मागवलास. आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उभी राहिली. तू माझ्या पाठीवर हात ठेवलास आणि पाच मिनिटं काढला नाहीस. मला अवघडल्यासारखं झालं, पण मी हललो नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा. आमच्यात हत्यारांची पूजा म्हणजे दसऱ्याच्या आधीचा मोठा दिवस. पक्कड, डागणी, मीटर, सिरीज दिवा, सगळ्याला हळदकुंकू, झेंडूच्या माळा. "आमच्यात असलं नसतं, पण तुमच्या हत्यारांचं तुम्ही करा," म्हणालास, आणि सकाळी स्वतःच बाजारात जाऊन सगळ्यात चांगली फुलं आणलीस. मशीन चालू, वरचं झाकण काढलेलं, लोकांना आतलं दिसावं म्हणून. पद्मानं फोन लावला. मी नारळ उचलला.

"मिस्त्री, बाहेर उंबऱ्यापाशी फोडा."

"यंत्राची पूजा यंत्रावर. चाळीस वर्सं माज्या वाइंडिंग मशिनच्या कोपऱ्यावर नारळ फुटतोय."

"ते ओतीव लोखंड. हे उघडं आहे हो, चालू आहे!"

"ह्येबी लोखंडच हाय की."

आणि मी पत्र्याच्या कोपऱ्यावर नारळ आपटला. पाणी आत गेलं. चट्ट आवाज झाला, करपल्याचा वास आला, हिरवी अक्षरं एकदा लांबली आणि गेली. चाळीस वर्षं माझ्या यंत्रांनी नारळाचं पाणी पचवलं होतं. हे यंत्र वेगळं आहे, एवढं समजायची अक्कल त्या दिवशी मला झाली नाही.

पुढचं मला असं आठवत होतं: दोघंही गप्प. तू प्लग ओढलास. मी धोतराला हात पुसले आणि संध्याकाळची गाडी धरली.

चार-पाच दिवसांनी कोरेगावात चहावाला म्हणाला, "काय मिस्त्री, आज नारळ आणू का?" बाकावरची सगळी हसली. मी समजलो. भूपालनं दाखवलं. माझं नाव घेऊन, माझ्या हातांसकट जगाला दाखवलं. चूक कापू नको म्हणून मीच बोंबलत होतो, तर ह्यानं माझी ठेवली. नियमाला धरून होतं, पण तो नियम मी तुझ्यासाठी केला होता. कपातला चहा तिथंच ओतला आणि घरी आलो. त्यानंतर माझ्यापुढं नारळ हा शब्द काढायची कुणाची टाप नव्हती. सूनसुद्धा माझ्याकडं पाठ करून खोबरं किसायची.

तीन महिने मी आलो नाही. फोन वाजायचा, मी बघत बसायचो. मग एक दिवस तूच दुकानाच्या पायरीवर.

"फोन उचलत नाही मिस्त्री."

"बिघडलाय."

"बघू का?"

"माजा मी करीन."

तू स्टुलावर बसलास. रस्त्याकडं बघत विचारलंस, "तो व्हिडिओ बघितला का?"

"बघितला न्हाई आन बघनारबी न्हाई."

तू माझ्याकडं बघितलंस. लय वेळ बघितलंस. मग हसलास. "बरं. नका बघू." आणि पिशवीतनं एक जळका ट्रान्सफॉर्मर काढून माझ्या पुढ्यात ठेवलास. मंगळवारी मी गाडीत होतो. मला वाटलं मी तुला माफ केलं. केवढा मोठेपणा वाटला होता स्वतःचा, सांगू? गाडीत कुणाला तरी खिडकीची जागा दिली.

अरे, एक वाक्य! एक वाक्य बोलायचं होतंस तेव्हा. पायरीवर बसून जगाच्या गप्पा मारणारा तू, तेवढ्याला तुझी जीभ का जड झाली?

ते मशीन तू कापडात बांधून वरच्या फळीवर ठेवलंस. तूही काढलं नाहीस, मीही नाही.

आणि मिरज. गेल्या उन्हाळ्यापासनं तू दर आठवड्याला मिरजेला जायला लागलास. "एकाकडं जुना माल निघालाय." येताना पिशवी रिकामी. पाच महिने मिरजेला जाऊन एक स्क्रू आणला नाहीस! माझ्या डोक्यात एकच आलं, ह्यानं तिकडं दुसरा मिस्त्री धरला.

"कोन हाय रं मिरजंत? माज्यापरीस हात चांगला हाय का त्याचा?"

"चांगला आहे म्हणतात. बघू, काय करतो."

मी रुसलो. दोन शुक्रवार मुद्दाम चुकवले. तू वाळत चाललास, तर म्हणालास, उपवास धरलेत. तुमच्यात लोक दहा दहा दिवस पाण्यावर काढतात हे मला माहीत, मी मुकाट विश्वास ठेवला. वर बोललोसुद्धा, "देव काय वजन करून पुन्य देतो का रं? जरा खा की." तू मान डोलावलीस. भूपाल, मिरजेत दवाखाने किती आहेत हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मला सुचलं नाही. मला मिस्त्री सुचला. आणि तू मला तेच सुचू दिलंस. माझा मत्सर तुला चालला, माझी काळजी चालली नाही. याचा राग मी कुणावर काढू? पद्माचा फोन आला आणि मी पहिल्या गाडीनं पोचलो, तर तू झाकलेला.

शोकसभा पंधरा दिवसांनी झाली, सांगलीतल्या एका हॉलमध्ये. पुण्याची, कोल्हापूरची, कुठनं कुठनं पोरं आलेली. दारातच फ्लेक्स. तुझा हसरा फोटो आणि वर हे मोठ्या अक्षरात, 'आमचे नारळवाले सर'. फोटोतल्या हातात कुणी तरी नारळ चिकटवला होता, शेंडीसकट! माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"ह्ये कुनी छापलं?"

"आम्हीच, आजोबा," एक दाढीवाला म्हणाला. "सरांना आवडायचं तसं म्हटलेलं."

"मेलेल्या मानसाच्या हातात नारळ देता? लाज न्हाई?"

तो गडबडला. "आजोबा, सगळे प्रेमानंच म्हणायचे हो."

मी आत जाऊन तिसऱ्या रांगेत बसलो. माझी चूक आणि नाव तुला का, हे मला उलगडेना. एकजण बोलायला उभा राहिला, म्हणाला, "सर म्हणजे आपला सिरीज दिवा होते." टाळ्या पडल्या. मी मनात म्हटलं, दिवा मी लावायचो, लेका. मग म्हणाले, सरांचा सगळ्यात लाडका व्हिडिओ बघू. पडद्यावर तू आलास. मागं झेंडूच्या माळा, पुढं मेलेलं मशीन. आणि फोनकडं बघून तू म्हणालास:

"मित्रांनो, आज माझ्या हातनं घात झाला. खंडेनवमीचा नारळ मी मशिनवर फोडला. मिस्त्री सांगत होते, तसं करू नको. मी ऐकलं नाही. चूक कापायची नाही असा मिस्त्रींचा नियम आहे, म्हणून सांगतो."

हॉल हसला. रडत रडत हसला. मी खुर्चीचा दांडा धरला. नुसती चूक घेऊन तू थांबला नव्हतास, जे शहाणपण त्या दिवशी माझ्याजवळ नव्हतं ते सगळ्यांसमक्ष माझ्या पदरात टाकलं होतंस. माझा एवढा अपमान कुणी केलेला नाही आजवर. माझ्या तोंडावर शिव्या दिलेल्या मी पचवल्यात. ही दया कशी पचवू?

सभा सुटल्यावर तो दाढीवाला आला आणि माझ्या पाया पडला. "तुम्हीच मिस्त्री ना? माफ करा, ओळखलं नाही. सरांनी तुमचं ऐकलं असतं तर ते मशीन आज चालू असतं."

मी काय म्हणालो माहिताय? "हूं" म्हणालो. तुझ्या फोटोपुढं उभा राहून, तुझ्या माणसाला, मी हूं म्हणालो. आणि ते तोंडातनं बाहेर पडल्यावर मला पायाखालची फरशी नको झाली.

दिवस अजून होता. पद्माबरोबर शेडमध्ये आलो. म्हटलं, "पोरी, त्यानं खोटं का टाकलं?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "काका, तुम्हाला माहीत नव्हतं? सहा वर्षं?"

"न्हाई."

"पप्पा म्हणायचे, मिस्त्री बघत नाहीत तेच बरं आहे. मला वाटलं तुमचं दोघांचं ठरलंय." तिनं फोन काढला. "कापलेलं आहे माझ्याकडं. पप्पांनी पुसून टाक सांगितलं होतं. मी नाही पुसलं."

"दाव."

"नको काका."

"दाव म्हनलं न्हवं!"

आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःला बघितलं. नारळ आपटला, ठिणगी उडाली. तू उडी मारून प्लग ओढलास आणि माझं मनगट धरलंस. "हात बघू मिस्त्री! करंट बसला का? हात दाखवा आधी!" आणि मग माझा आवाज आला.

"म्हनलं हुतं तुला, झाकन घाल! म्हनलं हुतं का न्हाई? ऐकतच न्हाईस! अकरा म्हैन्याचं काम घालवलंस!"

मी झाकण घाल म्हटलंच नव्हतं, भूपाल. एकदाही नाही. पण मी ते तीनदा म्हणालो, चढत्या आवाजात, आणि तू माझं मनगट न सोडता म्हणालास, "व्हय मिस्त्री. चुकलं माझं. पद्मा, बंद कर ते."

दोघंही गप्प होतो, असं मी सहा वर्षं आठवत होतो. गप्प एकटा तू होतास. चूक तू उचलून नेली नव्हतीस. मी ती तुझ्या अंगावर फेकली होती, आणि तू ती हसून धरलीस. मिस्त्री सांगत होते, मी ऐकलं नाही, हे वाक्य तुझं नव्हेच, माझं. माझं खोटं तू शब्दाला शब्द जगाला सांगितलंस आणि मला शहाणा करून सोडलंस.

तरी माझा राग जात नाही, हे ऐकून ठेव. त्याच वेळी मुस्काटात का नाही मारलीस? अहिंसा आडवी आली? पायरीवर बसला होतास तेव्हा का नाही म्हणालास, मिस्त्री, तुम्ही खोटं बोललात? मी भांडलो असतो, महिनाभर आणखी रुसलो असतो, आणि मग कवातरी कबूल केलं असतं. मला तेवढी संधी द्यायची होती. भला माणूस होऊन तू सुटलास. मागं उरलो मी, त्या हूंसकट.

पद्मानं सूर्य बुडायच्या आत ताट वाढलं. तिच्या सासरी ती पाळत नाही, या घरात पाळते. आमटी होती. एकदाच घेतली. मुक्काम तिथंच केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, टोपी घातली आणि शेडमध्ये तुझ्या खुर्चीवर जाऊन बसलो. पद्माला म्हटलं, लाव फोन, आज तोंड घे. ती लावायला लागली. मी बोललो. "मी हणमंत मिस्त्री, कोरेगाव. चौथी पास. तो नारळ मी फोडला. सर नको म्हनत हुते. आन वर खोटा आळ घातला त्यो बी मीच." एवढंच. पद्मा म्हणाली, "परत घेऊ का काका? आवाज कापला तुमचा." मी म्हटलं, हाय तसा जाऊ दे. तिनं टाकला.

चहा होईस्तोवर लोकांनी लिहायला सुरुवात केली. पद्मा वाचून दाखवत होती. "मिस्त्री, केवढं मोठं मन तुमचं." "सरांच्या माघारी त्यांची चूक स्वतःवर घेतली, डोळे भरून आले." "अशी मैत्री आता बघायला मिळत नाही." एकामागनं एक तेच. एकालाही खरं वाटलं नाही! मी खरं बोललो, तर मला आणखी मोठा करून बसवला. तुझ्यासारखाच भला!

बशी आपटली मी. "पद्मा, ते कापलेलं लाव."

"काका, त्यात तुम्ही पप्पांना काय काय बोललाय. लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत. त्यासाठीच लाव. आक्खं. एक शबूद कापायचा न्हाई."

मग तिनं ते काढलं, जोडलं आणि फोन माझ्यापुढं धरला. "आता हे दाबलं की गेलं. मी नाही दाबणार."

"कुठलं?"

तिनं बोटानं दाखवलं. मी चष्मा पुसून परत लावला आणि दाबलं.